न्यायमूर्ती हार्लन यांचे अर्धेच वाचलेले निकालपत्र

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांची वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धत बेकायदा ठरवली, आणि तेव्हापासून जॉन मार्शल हार्लन या न्यायमूर्तींचे नाव दोन्ही पक्षांच्या तोंडी आहे. ‘आमची राज्यघटना रंगांध आहे’ हे त्यांनी १८९६ मध्ये लिहिलेले वाक्य एक पक्ष घटनेचेच कलम असावे अशा थाटात उद्धृत करतो. शासनाने माणसाचा वंश बघूच नये, हेतू त्याला दडपण्याचा असो की वर आणण्याचा, असा त्याचा अर्थ लावला जातो. दुसरा पक्ष त्याच निकालपत्रातील गोऱ्या वंशाच्या थोरवीची वाक्ये आणि चिनी लोकांविषयीचा परिच्छेद पुढे करतो आणि विचारतो, की जो माणूस स्वतःच वंशश्रेष्ठत्व मानत होता त्याची साक्ष काढायची कशाला? आरक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडेही ‘कायद्याने जात बघणे थांबवा, म्हणजे जात जाईल’ हा युक्तिवाद येतोच, त्यामुळे हा वाद मराठी वाचकाला परका नाही. माझे मत असे आहे, की दोन्ही पक्ष हार्लन यांचे एकच निकालपत्र, तेही अर्धे, हातात घेऊन भांडत आहेत. १८८३ चे त्यांचे निकालपत्र शेजारी ठेवल्याखेरीज १८९६ चे वाक्य कळत नाही, आणि ते शेजारी ठेवले की समाजातल्या उच्चनीचतेकडे पाठ फिरवणाऱ्या तत्त्वाचे जनकत्व हार्लन यांच्याकडे देता येत नाही.

हार्लन कोण होते, इथून सुरुवात केली पाहिजे, कारण त्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणारे बहुतेक जण ते जणू १८९६ मध्येच जन्मले असे गृहीत धरतात. १ जून १८३३ रोजी केंटकी राज्यातील बॉइल परगण्यात, गुलाम बाळगणाऱ्या एका सुस्थित घरात त्यांचा जन्म झाला. वडील जेम्स हार्लन वकील आणि राजकारणी होते. संघराज्याच्या अधिकारांचा विस्तार करणारे थोर सरन्यायाधीश जॉन मार्शल यांचे नाव त्यांनी मुलाला मुद्दाम दिले. त्याच घरात रॉबर्ट हार्लन नावाचा एक मिश्रवंशीय मुलगा वाढला. तो जेम्स यांचाच पुत्र असावा असे बोलले जाई. जन्माने गुलाम असलेला हा रॉबर्ट पुढे कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या धामधुमीत आणि घोड्यांच्या शर्यतींत पैसा कमावून ओहायोच्या विधिमंडळापर्यंत पोचला. जॉन हार्लन यांनी तरुणपणी परदेशातून आलेल्यांविरुद्ध आणि कॅथलिकांविरुद्ध आग पाखडणाऱ्या ‘नो-नथिंग’ पक्षाचा प्रचार केला. यादवी युद्धात त्यांनी संघराज्याच्या बाजूने दहावी केंटकी पायदळ पलटण उभी केली आणि तिचे कर्नल झाले. पण ते लढले ते देश एकसंध राहावा म्हणून. लिंकन यांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याला त्यांचा विरोध होता, १८६४ च्या निवडणुकीत त्यांनी लिंकन यांच्या प्रतिस्पर्ध्याचा प्रचार केला, आणि गुलामी नष्ट करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीलाही त्यांनी राज्याचा महाधिवक्ता या नात्याने जाहीर विरोध केला.

मग हा माणूस बदलला कसा? १८६८ मध्ये ते रिपब्लिकन पक्षात गेले आणि १८७१ व १८७५ अशा दोन निवडणुकांत त्या पक्षाकडून केंटकीच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहून दोन्ही वेळा हरले. विरोधक त्यांचीच जुनी भाषणे वाचून दाखवत. त्यांना हार्लन यांनी १८७१ मध्ये उत्तर दिले, की मी सुसंगत होतो असे कोणी म्हणण्यापेक्षा मी बरोबर होतो असे म्हटलेले मला चालेल. हे उत्तर निव्वळ संधिसाधूचे आहे असे मानणाऱ्यांना विचारावेसे वाटते, की १८७१ च्या केंटकीत कृष्णवर्णीयांच्या हक्कांची बाजू घेऊन कोणती संधी साधता येणार होती? युद्धानंतरच्या केंटकीत मुखवटे घातलेल्या टोळ्या रात्री बाहेर पडत, मुक्त झालेल्या लोकांना मारत, त्यांच्या शाळा जाळत. पुढे हार्लन यांचे वकिलीतले भागीदार झालेले बेंजामिन ब्रिस्टो यांनी संघराज्याचे वकील म्हणून अशा टोळ्यांवर खटले चालवले. गुलामी संपली तरी गुलामाला गुलाम ठेवणारी माणसे, त्यांच्या सवयी आणि त्यांची दहशत संपत नाही, हे हार्लन यांनी आपल्याच राज्यात उघड्या डोळ्यांनी पाहिले. त्यांच्या न्यायिक विचाराचे मूळ या पाहण्यात आहे. राष्ट्राध्यक्ष हेज यांनी १८७७ मध्ये त्यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक केली, आणि १९११ मध्ये मृत्यू येईपर्यंत जवळजवळ चौतीस वर्षे ते त्या पीठावर होते.

आता १८८३. त्याआधी आठ वर्षे, १ मार्च १८७५ रोजी, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सहीने एक नागरी हक्क कायदा झाला होता. उतारगृहे, जमिनीवरची आणि पाण्यावरची सार्वजनिक वाहने, नाट्यगृहे आणि करमणुकीची इतर ठिकाणे यांत कोणत्याही वंशाच्या माणसाला समान प्रवेश मिळाला पाहिजे आणि तो नाकारणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे, असा तो कायदा होता. त्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे झिजवलेले सिनेटर चार्ल्स समनर तो मंजूर झालेला पाहायला राहिले नव्हते. या कायद्याखालची पाच प्रकरणे एकत्र करून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १८८३ मध्ये निकाल दिला. कॅन्ससमधील आणि मिझुरीतील उतारगृहे, सॅन फ्रान्सिस्कोतील आणि न्यू यॉर्कमधील नाट्यगृहे, आणि टेनेसीतील एक रेल्वे, ज्या रेल्वेच्या कंडक्टरने एका कृष्णवर्णीय स्त्रीला महिलांच्या डब्यात बसू दिले नव्हते. आठ न्यायमूर्तींनी कायदा रद्द केला. हार्लन एकटे विरोधात राहिले.

बहुमताच्या बाजूने लिहिणारे न्यायमूर्ती ब्रॅडली यांचा मुख्य आधार भक्कम दिसतो, आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवे. सर्वांना कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचे शब्द ‘कोणतेही राज्य’ असे आहेत. बंधन राज्यावर आहे, उतारगृहाच्या मालकावर नाही. प्रत्येक खासगी माणसाच्या वागण्यावर संघराज्याचा कायदा चालू लागला तर राज्यांना स्वतःचे असे काय उरेल? हा प्रश्न पोकळ नाही. पण ब्रॅडली तिथे थांबले नाहीत. त्यांनी लिहिले, की गुलामीतून बाहेर आलेल्या आणि हितकारक कायद्यांच्या मदतीने तिच्या खुणा झटकून टाकलेल्या माणसाच्या उन्नतीत अशी एक पायरी यायलाच हवी, जिथे तो निव्वळ नागरिक होतो आणि ‘कायद्यांचा खास लाडका’ राहत नाही. हे शब्द १८८३ चे आहेत. गुलामी १८६५ मध्ये संपली होती. दोनशेहून अधिक वर्षांच्या गुलामीनंतर जेमतेम अठरा वर्षे झाली होती, आणि देशाचे सर्वोच्च न्यायालय विचारत होते की हे लाड किती दिवस चालायचे. खरे तर ही तक्रार त्याहूनही जुनी आहे. १८६६ मध्ये, गुलामी संपून वर्षही उलटले नव्हते तेव्हा, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी पहिल्या नागरी हक्क विधेयकावर नकाराधिकार वापरताना हेच कारण दिले होते, की यात वंशाचा भेद कृष्णवर्णीयांच्या बाजूने आणि गोऱ्यांच्या विरुद्ध वापरला जातो आहे. जो युक्तिवाद पहिल्याच वर्षी केला जातो, अठराव्या वर्षी केला जातो आणि दीडशेव्या वर्षीही त्याच शब्दांत केला जातो, तो ‘आता पुरेशी वर्षे झाली’ या मोजणीवर उभा आहे असे कसे मानायचे?

हार्लन यांना हे विरोधी मत लिहिणे सोपे गेले नाही. त्यांच्या पत्नी मॅल्विना यांनी आठवणींत त्या दिवसांचे वर्णन केले आहे. महिन्यांमागून महिने विचार चालला होता, रात्री अपरात्री उठून काही ओळी लिहिल्या जात होत्या, आणि तरी लेखणी अडली होती. हार्लन यांच्याकडे जुन्या वस्तूंत एक दौत होती. सरन्यायाधीश रॉजर टॉनी तीच दौत वापरत. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट प्रकरणात कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक असूच शकत नाही, असा निकाल ज्यांनी दिला ते हेच टॉनी. ही दौत टॉनी यांच्या घराण्यातील एका बाईंना देण्याचे वचन हार्लन देऊन बसले होते, पण मॅल्विना यांनी ती लपवून ठेवली होती. एका रविवारी सकाळी नवरा चर्चला गेलेला असताना त्यांनी ती बाहेर काढली, घासूनपुसून लख्ख केली, ताजी शाई भरली, मेजावरच्या बाकीच्या दौती उचलून नेल्या आणि ही एकटीच त्यांच्या कागदांसमोर ठेवली. त्यानंतर लेखणी झरझर चालली, असे त्या सांगतात. मला या प्रसंगाचे महत्त्व वाटते ते हार्लन यांच्या विचाराच्या घडणीसाठी. समोरचा खटला कलमांच्या अर्थाचा आहे असे सगळे म्हणत असताना, हा गुलामीच्या इतिहासाचा पुढचा अंक आहे हे त्यांना त्या मेजावर बसून कधी विसरता आले नाही.

निकालपत्राचा गाभाही तोच आहे. ब्रॅडली यांच्या भक्कम वाटणाऱ्या आधाराला हार्लन यांनी दिलेले उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. पळालेला गुलाम मालकाला परत मिळावा असे एक कलम मूळ घटनेत होते. त्या कलमात केंद्रीय कायदेमंडळाला कायदा करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला नव्हता, तरीही कायदेमंडळाने १७९३ मध्ये आणि पुढे अधिक कडकपणे १८५० मध्ये कायदे केले, आणि गुलामाला आसरा देणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या खासगी माणसांना त्या कायद्यांखाली शिक्षा झाल्या. १८४२ मध्ये याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की घटनेने हक्क दिला आहे त्या अर्थी त्याचे रक्षण करण्याचा अधिकारही गृहीत आहे. तेराव्या घटनादुरुस्तीत तर अंमलबजावणीचा अधिकार शब्दांत लिहून दिलेला आहे. मालकाच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी जे हात एवढे लांब होते, ते माणसाच्या स्वातंत्र्याच्या रक्षणाची वेळ येताच आखूड कसे झाले? याला बहुमताकडे उत्तर नव्हते. पुढे हार्लन यांनी दाखवले, की रेल्वे, उतारगृह आणि नाट्यगृह ही घरातली बैठकीची खोली नाही. रेल्वेसाठी शासन लोकांच्या जमिनी सक्तीने घेते, उतारगृहाच्या मालकाने वाटसरूला नाकारू नये असा इंग्रजी कायद्याचा जुना दंडक आहे, नाट्यगृह परवान्यावर चालते. समाजाच्या सत्तेचा अंश ज्यांच्या हाती आहे त्यांनी जर एका समूहाला दारातून हाकलले, तर ती गुलामीचीच उरलेली खूण आहे आणि ती पुसणे हे तेराव्या दुरुस्तीचे काम आहे. ‘खास लाडका’ या शेऱ्याला त्यांनी सरळ उत्तर दिले: कृष्णवर्णीयांना कायद्यांचे लाडके म्हणणे न्यायाचे नाही, गोऱ्यांना प्रत्येक राज्यात जे आधीपासून मिळत आले आहे तेच यांना मिळावे एवढीच राष्ट्राची धडपड आहे.

या पार्श्वभूमीवर १८९६ चे निकालपत्र वाचू. लुइझियाना राज्याने १८९० मध्ये रेल्वेत गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना ‘समान पण वेगळे’ डबे देणारा कायदा केला. न्यू ऑर्लिन्समधील नागरिकांच्या एका समितीने त्याला आव्हान द्यायचे ठरवले, आणि ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी हे पहिल्या वर्गाचे तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसले आणि ठरल्याप्रमाणे अटक झाले. त्यांच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकच कृष्णवर्णीय होते, तरी कायद्याने ते कृष्णवर्णीयच. न्यायालयाने सात विरुद्ध एक अशा मतांनी कायदा वैध ठरवला. नववे न्यायमूर्ती ब्रूअर सुनावणीत नव्हते. आता बहुमताचा युक्तिवाद नीट पाहा, कारण आजच्या वादात त्याचा कोणी उल्लेख करत नाही. न्यायमूर्ती ब्राउन म्हणतात, की कायदा दोन्ही वंशांना सारखाच लागू आहे. कृष्णवर्णीय माणूस गोऱ्यांच्या डब्यात बसू शकत नाही तसा गोरा माणूसही त्यांच्या डब्यात बसू शकत नाही. यात कोणाला कमीपणा वाटत असेल तर तो कायद्यात नाही, कृष्णवर्णीयांनीच तसा अर्थ काढल्यामुळे आहे. म्हणजे कागदावर दोन्ही बाजूंना सारखे वजन घालणारा, समाजात काय चालले आहे ते न पाहणारा युक्तिवाद हा बहुमताचा होता. हार्लन त्याच्या विरुद्ध उभे होते. ते लिहितात, की हा कायदा गोऱ्यांना कृष्णवर्णीयांच्या डब्यापासून दूर ठेवण्यासाठी केलेला नाही, कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या डब्यापासून दूर ठेवण्यासाठी केलेला आहे, आणि हे सर्वांना माहीत आहे. त्या कायद्यात एकच अपवाद होता, आणि हार्लन यांनी तो नेमका टिपला: दुसऱ्या वंशाच्या मुलांना सांभाळणाऱ्या आया. गोऱ्या मुलाला कडेवर घेतलेली कृष्णवर्णीय बाई गोऱ्यांच्या डब्यात चालत होती. मूल खाली ठेवले की तीच बाई गुन्हेगार ठरत होती. ज्याला समाजातली उतरंड दिसते त्यालाच असा अपवाद कायद्याचा खरा हेतू सांगतो.

ते प्रसिद्ध वाक्यही एकटे येत नाही. त्याआधी हार्लन म्हणतात, की या देशात गोरा वंश स्वतःला वरचढ समजतो, आणि प्रतिष्ठा, कर्तृत्व, शिक्षण, संपत्ती, सत्ता यांत तो वरचढ आहेही. मग ते म्हणतात, की घटनेच्या दृष्टीने मात्र इथे कोणताही वरिष्ठ, सत्ताधारी वर्ग नाही, ‘इथे जात नाही’, आमची राज्यघटना रंगांध आहे आणि नागरिकांमधले वर्ग ती ना ओळखते ना खपवून घेते. जातीचा हा उल्लेख मराठी वाचकाच्या नजरेतून सुटू नये. १८४९ मध्ये बॉस्टनच्या शाळांमधील वेगळेपणाविरुद्ध युक्तिवाद करताना वकील म्हणून चार्ल्स समनर यांनी हिंदुस्थानातील जातिव्यवस्थेचा दाखला देऊन अमेरिकेतील वर्णभेदाला जात म्हटले होते. १८७५ च्या कायद्यामागचे समनर ते हेच. हार्लन ज्या विचारपरंपरेत लिहीत होते, तिच्यात वाईट काय होते तर माणसांची कायद्याने लावलेली उतरंड. त्या उतरंडीविरुद्धचे हत्यार म्हणून ‘रंगांध’ हे विशेषण आले आहे. वाक्याचा तेवढाच तुकडा तोडून, उतरंड मोडण्यासाठी केलेल्या उपायांवर तो चालवणे हा त्या परिच्छेदाच्या अर्थाचा विपर्यास आहे.

रंगांधतेचा दाखला देणाऱ्या पहिल्या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा मात्र याने संपत नाही. याच निकालपत्राच्या सुरुवातीला हार्लन लिहितात, की सर्व नागरिकांना समान असलेल्या नागरी हक्कांच्या बाबतीत, हक्काचे रक्षण ज्याला हवे त्याचा वंश कोणता हे जाणून घेण्याची मुभाही घटना कोणत्याही अधिकाऱ्याला देत नाही. याहून स्पष्ट काय हवे? शिवाय विसाव्या शतकात विभक्त शाळांविरुद्ध लढणाऱ्या थरगुड मार्शल यांच्यासारख्या वकिलांना याच वाक्यांनी बळ दिले, आणि त्यांनी स्वतः न्यायालयात घटना रंगांध असल्याचे प्रतिपादन केले. वर्गीकरणाचे शस्त्र शासनाच्या हाती दिले की ते उद्या कोणावर चालेल याचा नेम नाही, ही भीतीही खरी आहे. १८७५ चा कायदा शब्दशः सर्व वंशांना लागू होता, प्राधान्य देणारा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणून विद्यापीठातील मर्यादित जागा कशा वाटाव्यात या प्रश्नावर हार्लन आज आमच्या बाजूने मत देतील, असा दावा मी करत नाही. तो प्रश्न त्यांच्यासमोर कधी आलाच नव्हता.

पण जो दावा मी करत नाही तो दुसऱ्या बाजूनेही करू नये. ‘सर्वांना समान असलेले नागरी हक्क’ म्हणजे रेल्वेत बसणे, करार करणे, साक्ष देणे, ज्युरीत बसणे. त्या हक्कांतून एखाद्याला वगळण्यासाठी वंश विचारू नका, असे ते वाक्य सांगते. वगळल्या गेलेल्यांना आत आणताना ते का आणि कोणी वगळले गेले हेही पाहू नका, असे ते कुठेच सांगत नाही. उलट तसे पाहिल्याबद्दल बहुमताने ‘खास लाडका’ म्हणून हिणवले तेव्हा हार्लन यांनी त्याचा प्रतिवाद केला. चौदावी घटनादुरुस्ती लिहिणाऱ्या पिढीनेच मुक्त झालेल्या गुलामांना अन्न, औषध आणि शाळा पुरवणारे सरकारी खाते १८६५ मध्ये उभारले आणि १८६६ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडून चालू ठेवले, हेही ध्यानात घ्यायला हवे. त्या लोकांना स्वतःच लिहिलेली दुरुस्ती कळली नव्हती असे समजायचे का?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, कारण त्यांचाही आरोप खोटा नाही. १८९६ च्या त्याच निकालपत्रात हार्लन लिहितात, की चिनी वंश आपल्यापासून इतका वेगळा आहे की त्याला आपण नागरिकही होऊ देत नाही, तरी चिनी माणूस गोऱ्यांच्या डब्यात बसू शकतो आणि संघराज्यासाठी लढलेला कृष्णवर्णीय नागरिक बसू शकत नाही. एका बहिष्कृताची बाजू मांडताना दुसऱ्याला खाली ढकलणारा हा युक्तिवाद आहे. १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क यांना बहुमताने जन्मसिद्ध नागरिक ठरवले, तेव्हा हार्लन विरोधी मतात सामील झाले. १८९९ चे प्रकरण मला त्याहून अधिक खुपते. जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा शहरात शाळामंडळाने कृष्णवर्णीय मुलांची वेअर हायस्कूल ही शाळा बंद केली. त्यांच्या प्राथमिक वर्गांसाठी पैसा लागतो असे कारण दिले, आणि गोऱ्या मुलींच्या हायस्कूलला मदत चालूच ठेवली. कृष्णवर्णीय पालक कर भरत होते आणि न्याय मागत होते. सर्व न्यायमूर्तींनी एकमताने त्यांची मागणी फेटाळली, आणि ते निकालपत्र हार्लन यांनी लिहिले. शाळामंडळाच्या कारणावर त्यांनी विश्वास ठेवला, त्यामागे पाहिले नाही.

तीनच वर्षांपूर्वी ‘हे सर्वांना माहीत आहे’ असे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींना ऑगस्टात काय चालले आहे ते दिसू नये? याचे समर्थन मला करता येत नाही आणि करायचेही नाही. पण या चुकांमधून काय निष्पन्न होते ते नीट पाहावे. हार्लन जिथे थोर ठरतात तिथे त्यांनी कायद्याच्या शब्दामागचा समाज पाहिलेला आहे: १८८३ मध्ये उतारगृहाच्या दारात उभा केलेला माणूस, १८९६ मध्ये मूल कडेवर घेतलेली आया, १९०८ मध्ये न्यायालयापुढे आलेला, केंटकीच्या बेरीया कॉलेजात कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना एकत्र बसायला बंदी करणारा कायदा, ज्याच्या विरुद्ध त्यांनी मत दिले. जिथे ते पडतात तिथे त्यांनी डोळे मिटलेले आहेत. म्हणजे त्यांचे दोषही ‘न पाहणे हाच न्याय’ या मताच्या विरुद्धच पुरावा देतात. आणि दोष आहेत म्हणून १८८३ चा युक्तिवाद टाकून देणारे लोक एक चांगले हत्यार त्याच्यावर डाग आहे म्हणून विहिरीत टाकत आहेत.

त्या युक्तिवादाशी महाराष्ट्राचा संबंध कल्पनेतला नाही. १९३० च्या गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची योजना सादर केली. तिच्यात समान नागरिकत्व नाकारणाऱ्याला शिक्षा करणारे एक कलम आहे, आणि त्याची शब्दरचना १८७५ च्या अमेरिकी कायद्यावरून घेतलेली आहे. १८६६ आणि १८७५ च्या त्या कायद्यांचा आधार योजनेतच नमूद आहे. उतारगृहे, वाहने, नाट्यगृहे तशीच ठेवून बाबासाहेबांनी त्या यादीत शिक्षणसंस्था, रस्ते, पायवाटा, तळी, विहिरी आणि पाणवठे घातले. ज्या कायद्याला अमेरिकेच्या न्यायालयाने १८८३ मध्ये मूठमाती दिली होती, तो पुन्हा का उचलावासा वाटला? उत्तर महाडात आहे. मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते. महाड नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. शासन म्हणून जे करायचे ते कागदावर झाले होते, भेदभाव करणारे कोणतेही ‘राज्य’ तिथे नव्हते. तरी २० मार्च १९२७ रोजी लोक तळ्याचे पाणी प्यायले आणि त्यानंतर गावातल्या सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. ब्रॅडली यांच्या घटनेत या हल्ल्याला उत्तर नाही, हार्लन यांच्या घटनेत आहे. भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट यांची नावे घेऊन बंधन घातले आहे, आणि ते केवळ शासनावर नाही. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता पाळणाऱ्या कोणाही माणसाला गुन्हेगार ठरवले आहे. १८८३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये आठ विरुद्ध एक असा हरलेला विचार १९५० मध्ये दिल्लीत राज्यघटनेचा भाग होऊन अमलात आला होता.

अमेरिकेत तसे अजून झालेले नाही. १९५४ मध्ये विभक्त शाळा घटनाबाह्य ठरल्या आणि प्लेसी निकालाचा पाया ढासळला, म्हणून १८९६ चे हार्लन सर्वांना आपलेसे वाटतात. १८८३ चा निकाल मात्र आजवर रद्द झालेला नाही. १९६४ मध्ये नवा नागरी हक्क कायदा झाला तेव्हा तो वाचवण्यासाठी आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराचा आडमार्ग घ्यावा लागला. अटलांटातील एका मोटेलने कृष्णवर्णीयांना खोल्या नाकारल्या तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या बाजूने निकाल दिला, पण आधार हा, की तिथे उतरणाऱ्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोक दुसऱ्या राज्यांतून येतात आणि त्यांना नाकारल्याने व्यापाराला बाध येतो. माणसाला दारातून परत पाठवणे ही गुलामीची खूण आहे आणि ती पुसण्याचा राष्ट्राला अधिकार आहे, हे त्या न्यायालयाच्या बहुमताने मोटेलच्या त्या प्रकरणात म्हटले नाही. हार्लन यांचे वाक्य २०२३ पासून अभिमानाने म्हणणाऱ्यांनी आधी एवढे सांगावे, की १८८३ मध्ये ते बरोबर होते की नाही. बरोबर होते असे म्हणायचे असेल, तर त्या वर्षीचा निकाल रद्द करा अशी मागणी त्यांनीच करायला हवी.